खुर्शिदाभाभी आणि टाका मारलेलं बटण

भोरहून पुण्याला बांगड्यांचा माल आणायला लाल स्पोर्ट्स कारमधून जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. स्टँडवर आम्ही एसटीची वाट बघत ताटकळत असायचो आणि समोरून ती जमिनीला पोट टेकवून चालणारी गाडी घुरघुरत यायची. चालवायला गॉगल लावलेला कुमार. शेजारी डोक्यावर पदर आणि मांडीवर रिकामं बोचकं घेतलेल्या खुर्शिदाभाभी. काच खाली करून त्या भर चौकात ओरडायच्या, "गेनबाभाऊ, पुण्यासनं काय आनायचंय का?"

मला फोटोचे रोल हवे असायचे. पण असल्या गाडीत बसून मिजास करणाऱ्या बाईला काम सांगायचं माझ्या जिवावर यायचं, म्हणून मी तोंड फिरवायचो.

ही बाई त्या गाडीत कशी जाऊन बसली याबद्दल भोरमध्ये लोक काहीबाही सांगतात. कुमारने नवस केला होता म्हणे. कुमारच्या बापाने भाभींना बहीण मानलंय म्हणे. सगळ्या थापा. हा सगळा घोटाळा शॉकअपचा, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यांचा आहे आणि तो माझ्या डोळ्यांदेखत झालेला आहे. माझा स्टुडिओ रस्त्याच्या अलीकडे, झुल्फिकारचं गॅरेज पलीकडे. मधे एक गटार, तेही उघडं. त्यामुळे त्या घरातलं मला काही चुकत नाही.

झुल्फिकार म्हणजे भाभींचा नवरा. तो फक्त शॉकअप आणि स्प्रिंगच्या पाट्यांचं काम करायचा, इंजिनाला हात लावायचा नाही. "इंजिन पळवतंय, शॉकअप सांभाळतंय. सांभाळनारा मोठा," हे त्याचं तत्त्वज्ञान, आणि ते तो दर गिऱ्हाइकाला चहाबरोबर पाजायचा. भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांनी त्याला काम कधी कमी पडू दिलं नाही. वडापच्या जीपा, दुधाचे टेम्पो, खडीचे डंपर, सगळे कण्हत कण्हत त्याच्या दारात यायचे. आठ-दहा माणसांच्या जीपमध्ये वीस-बावीस जण, टपावर कोंबड्यांची खुराडी आणि मागच्या फळीला लोंबकळणारे ग्रामसेवक, हे आमच्याकडचं नेहमीचं वजन. रिकामी गाडी कशी चालते हे झुल्फिकारने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खुर्शिदाभाभींचं घराणं मणियारांचं. पण खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना कासारीणच म्हणायच्या आणि भाभींचीही त्याला ना नव्हती. सासूची फेरी त्यांच्याकडे आली होती. वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर सणाला बांगड्या भरायच्या, आणि लग्न असलं की नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायचा मान त्यांचा. चुडा भरून झाला की नवरी कासारणीच्या पाया पडते आणि तिच्या पदरात तांदूळ-नारळ घालते. पाया पडून घेताना भाभी अशा काही ताठ बसायच्या की त्यांच्यापुढे तहसीलदाराने झक मारावी.

बांगडी भरणं हे ताकदीचं काम नाही, गप्पांचं आहे. बाईचा हात आखडलेला असला की बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडते आणि तिथंच तिचा जीव जातो. भाभी हात हातात घ्यायच्या आणि त्या बाईच्या सासूची नक्कल सुरू करायच्या. बाई फिस्सकन हसली की हात सैल पडायचा, आणि त्या क्षणी बांगडी मनगटात. नक्कल करायला त्यांच्याइतकं तरबेज माणूस मी पाहिलं नाही. माझीही करायच्या, असं मला कळलंय. आणि लोणी लावण्यात तर हातखंडा. "तुझ्यावानी मऊ हात अख्ख्या खोऱ्यात न्हाई गं बये," हे वाक्य मी त्यांना इतक्या बायकांना सांगताना ऐकलंय की मोजायचं सोडून दिलं. त्यात दगड फोडणाऱ्या सखूबाईसुद्धा आल्या.

अंगाने भाभी चांगल्या भरलेल्या. एसटीत त्यांच्या शेजारी जो बसायचा, तो निम्मा बाहेर असायचा.

तर विंझरच्या अलीकडे एका वाडीत मानसिंगरावांचं मोठं घर आहे. घर मानसिंगरावांचं, पण कारभार त्यांच्या थोरल्या वहिनींचा, बाळाबाईंचा. दोन हजार दोन साली त्या घरातल्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. चुडा भाभींनी भरला. नवरी जीपमधून सासरी निघाली आणि मार्गासनीपाशी जीप अशी काही खड्ड्यात आदळली की नवरीच्या हातातल्या तीन-चार बांगड्या गेल्या. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण शब्द बदलला म्हणून बायकांच्या मनात पाल चुकचुकायची थांबत नाही. बाळाबाईंनी जाहीर केलं, "कासारणीचा हात जड झालाय."

एवढं पुरलं. त्या अंगाच्या वाड्यांवरच्या बायका नसरापूरच्या बाजारात जाऊन बांगड्या भरू लागल्या. भाभी फेरीला गेल्या की दारं अर्धीच उघडायची. मला त्या बाईचा राग यायचा हे खरं, पण त्या दिवसांत बोचकं तसंच भरलेलं घेऊन त्या एसटीतून उतरायच्या ते बघवायचं नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. आदळलेल्या त्या जीपचे शॉकअप झुल्फिकारनेच त्याच आठवड्यात भरून दिले होते. मग काय, गटारापलीकडे वर्षभर मला फुकटचा तमाशा.

"तुमच्या शॉकअपनं माझा हात जड केला!"

"शॉकअपला काय धाड भरलीया? बांगड्याच कच्च्या व्हत्या. काच आता पयल्यासारकी येत न्हाई."

"काच कच्ची? सासूबाईंच्या येळची काच हाय ती!"

"तर मग शिळी असंल."

यावर पलीकडून एखादं भांडं यायचं. झुल्फिकार वाकायचा आणि भांडं गटारात पडायचं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मानसिंगरावांच्या धाकट्या मुलीचं, शेफालीचं लग्न ठरलं. भाभी स्वतः होऊन बाळाबाईंच्या उंबऱ्याशी जाऊन बसल्या. बाळाबाईंचा स्वतःचा चुडा भाभींच्या सासूने भरलेला, त्यामुळे त्यांना अगदीच तोडता येईना. त्या म्हणाल्या, "ही एक बार तुझी. पोरगी सासरच्या उंबऱ्याला लागंस्तवर एक जरी काकण वाढलं, तर फुडं ह्या खोऱ्यात तुझं बोचकं उघडायचं न्हाई." भाभी हो म्हणून आल्या. घरी येऊन मात्र जेवल्या नाहीत, असं हीना, त्यांची मुलगी, माझ्या बायकोला सांगत होती.

नवरा मुलगा उत्रोलीचा कुमार. त्याचे वडील आनंदराव. हायवे रुंद झाला तेव्हा सारोळ्याकडची त्यांची जमीन अशी काही फळली की आनंदरावांनी भाताची लावणी सोडून पांढरे बूट धरले. कुमारने त्यातून ही लाल गाडी आणली. परदेशी, कुणाची तरी वापरलेली, दोन सीटची. पुण्याकडे कुठे शर्यती होतात, त्यात तो भाग घ्यायचा. जिंकल्याचं ऐकिवात नाही. आणि आनंदरावांनी साऱ्या पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं की सून येणार ती लाल गाडीतूनच येणार. बँडवाल्यांना तशी ताकीदच होती, लाल गाडी दिसल्याशिवाय फुंकायचं नाही.

म्हणजे चुडा लाल गाडीतून जाणार होता. आणि एके सकाळी तीच लाल गाडी झुल्फिकारच्या दारात येऊन उभी राहिली.

तिचे जुने शॉकअप आमच्या रस्त्यांनी महिन्याभरात खाल्ले होते. कुमारने मुंबईहून दोन खोकी आणली होती. "चाचा, ॲडजस्टेबल आहेत. यातले कुठले बसवायचे ते तुम्ही ठरवा, उरलेले परत करायचेत."

एका खोक्यातल्या शॉकअपला एकच बटण होतं. फिरवलं की गाडी मऊ नाहीतर कडक. दुसऱ्या खोक्यातल्याला दोन बटणं. एक, गाडी खाली दबताना तिला किती अडवायचं त्याचं. दुसरं, ती परत वर उसळताना किती धरून ठेवायचं त्याचं. कुठलंही बटण फिरवलं की टिक टिक वाजायचं, दर टिकेला एक घर, अशी एकूण बारा घरं. झुल्फिकार वेडाच झाला. गिऱ्हाइकं सोडून तो दोन बटणांचा शॉकअप मांडीवर घेऊन दिवसभर टिक टिक करत बसला. पहिल्या मुलीला मांडीवर घेतलं तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक मी पाहिलं नव्हतं.

"हाच घालायचा," तो म्हणाला.

"एका बटनाचा घाला," भाभी म्हणाल्या.

"अगं, तुला त्यातलं काय कळतंय?"

"मला तुमच्यातलं कळतंय. दोन बटनं म्हंजे एक तुमी फिरवनार, एक त्यो कुमार फिरवनार. कुठल्या बटनानं घात केला ते मग काय पोलिसांनी हुडकायचं?"

मला वाटलं आता भांडं येणार. पण झुल्फिकारने डोकं खाजवलं आणि दोन बटणांचं खोकं बंद केलं. नवरा ऐकतो आहे हे बघून भाभींनाच जरा धक्का बसल्यासारखा झाला.

आता प्रश्न राहिला घराचा. कुमारचं म्हणणं, "एकदम कडक. रेसिंग सेटिंग."

"नवरी आनायचीया का शर्यत मारायचीया?" भाभींनी विचारलं.

"दोन्ही, भाभी."

तो गेल्यावर भाभींनी हिरव्या बांगड्यांची एक माळ दोरीत सैल ओवली, मांडीवर घेतली आणि गाडीत जाऊन बसल्या. झुल्फिकारने उत्रोलीच्या भाताची दोन पोती आणून सीटांच्या मागच्या चिमूटभर जागेत कोंबली. वजन टाकल्याशिवाय शॉकअप बोलत नाही, हा त्याचा धंद्याचा पहिला नियम. मला बसायला जागा नव्हती, म्हणून मी स्टुडिओच्या पायरीवरून बघत राहिलो. आंबवड्याच्या रस्त्याने ते थोडं लांब जायचे, परत यायचे, झुल्फिकार गाडीखाली घुसून बटण एक घर फिरवायचा, परत जायचे. भाभींना रस्त्याकडे बघायचं कामच नव्हतं. डोळे मिटून नुसतं ऐकायचं. पहिल्या घरात गाडी प्रत्येक खड्ड्यात बसकण मारायची आणि माळ खळखळायची. बाराव्यात चाकाखाली खडा आला तरी माळ किणकिणायची. मधली घरं चाखत चाखत दिवस मावळतीला नवव्या घराशी गाडी थांबली. नवव्या घरात रस्ता संपेपर्यंत माळ नुसती सळसळली.

"ह्येच," भाभी डोळे उघडून म्हणाल्या. "आता ह्याला टाका मारा."

"कशाला टाका?"

"बटनाला. वेल्डिंगचा."

झुल्फिकार गाडीखालून सरपटत बाहेर आला. "अगं बाई, ते फिरवायचंच बटन हाय. त्याच्यासाटी तर मुंबईसनं आनलंय!"

"फिरतंय म्हनूनच. लग्नाच्या सकाळी मैतर म्हननार, कुमार, कडक कर. ह्यो करनार. मग माझ्या हातावर कोन वेल्डिंग करनार?"

झुल्फिकारने दोन दिवस दम धरला. त्या दोन दिवसांत पलीकडून आवाज आला नाही, भांडं आलं नाही, काहीच आलं नाही. मलाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी त्याने शॉकअपला ओलं पोतं गुंडाळलं, डोळ्यांवर काळी काच धरली आणि चारी बटणांना एकेक टाका मारला. मारताना तो काहीतरी पुटपुटत होता. माफी मागत असावा. पुढे बदलता येईल म्हणून मुद्दाम बनवलेली वस्तू बदलता येऊ नये म्हणून इतक्या प्रेमाने बिघडवणारं दुसरं गाव असेल, असं मला वाटत नाही.

संध्याकाळी कुमार आला, गाडी घेऊन एक चक्कर मारून आला. एकटाच. पोती केव्हाच उतरवली होती. चौकातल्या स्पीडब्रेकरवर गाडी धाडकन उडाली ते मी ऐकलं. कुमार उतरला तो खुशीत. "कसली कडक झालीय! मानलं चाचा!" झुल्फिकारही खूश, भाभीही खूश. गाडी कडक का झाली हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. आमच्याकडे खूश माणसाला कारण विचारत नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी भाभींनी शेफालीला चुडा भरला. एकही बांगडी दगावली नाही. बाळाबाई शेजारी पाट टाकून फौजदारासारख्या बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा गळ्यात घालून मांडवाच्या तोंडाशी उभा होतो. शेजारी झुल्फिकार, इस्त्रीचा शर्ट घालून, आपली कारागिरी बघायला आलेला. लाल गाडी आली. कुमार एकटाच होता. मुंडावळ्या एका कानावर, गॉगल दुसऱ्या कानावर. सकाळी उत्रोलीत गाडीला झेंडूच्या माळा घातलेल्या मी स्वतः फोटोत काढल्या होत्या आणि मग जीपने पुढे आलो होतो. आता नुसते दोरे उरले होते. दोन तालुक्यांत झेंडू सांडत आला होता हा गडी.

भाभी चटकन पुढे झाल्या आणि मोकळ्या दोऱ्यांकडे बघत राहिल्या. मग झुल्फिकारला बाजूला ओढून म्हणाल्या, "ओ, तुमी रिकामी गाडी चालवून बघितली व्हती का?"

"रिकामी?" झुल्फिकारला प्रश्नच कळला नाही. "रिकामी गाडी कोन चालवतं?"

एवढं बोलला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. दोन पोती आणि भाभी, एवढ्या वजनाला नववं घर लोण्यासारखं होतं. एकट्या काटकुळ्या कुमारला आणि त्याच्या तितक्याच काटकुळ्या नवरीला ते घर उडवून मारणार होतं.

"बटन फिरवा," भाभी म्हणाल्या.

झुल्फिकारने गाडीच्या चाकाकडे बघितलं. भाभींनीही बघितलं. टाका दोघांनाही एकदमच आठवला असावा. मी एरवी अशा वेळी दात काढतो. त्या दिवशी निघाले नाहीत. भाभींचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाळाबाई मांडवात समोरच बसल्या होत्या, आणि बोचकं कायमचं बंद होणार होतं.

लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. आणि बाळाबाईंनी शेवटच्या क्षणी काठी आडवी घातली.

"पाठराखीण कुठं बसायची?"

नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्या सोबतीला माहेरची एक बाई जाते, ती पाठराखीण. गाडीत सीटा दोन. एकीवर कुमार, दुसरीवर शेफाली. आनंदराव पांढरे बूट वाजवत पुढे आले. "पाठराखीण जीपमधनं यील की मागनं."

"पाठराखीण पोरीच्या पाठीला असती, जीपमधी नसती," बाळाबाई म्हणाल्या. "तसं आसंल तर पोरगीबी जीपमधी बसंल."

"मग बँड वाजायचा न्हाई!" आनंदराव म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच कळेना. दोन्हीकडची माणसं तटून बसली. शेफाली बिचारी हिरव्यागार हातांनी डोळे पुसत मधेच उभी.

"म्या जाते," भाभी म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. कासारीण, तीही मणियाराची, मानसिंगरावांच्या घरच्या लेकीची पाठराखीण? मानसिंगराव बाळाबाईंकडे बघायला लागले. त्या घरात बघायचं ते तिकडेच.

बाळाबाईंनी भाभींना डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. मग म्हणाल्या, "चुडा तू भरलास, तूच पोचीव. आनि वाढला, तर तिकडनंच घरी जा."

"भाभी, गाडी दोन सीटची आहे!" कुमार कळवळून म्हणाला.

"व्हय, म्हनून तर तिघंच बसतोय," भाभी म्हणाल्या.

वडापच्या हिशेबाने गाडी अजून रिकामीच होती. भाभी सीटवर बसल्या. सीटने जागा दिली, गाडीने थोडी मान खाली घातली. भाभींनी शेफालीला ओढून मांडीवर बसवलं, आपलं बोचकं पायांशी सरकवलं. मग झुल्फिकारकडे बघून म्हणाल्या, "पोरगी एक पोतं. दुसरं?" झुल्फिकारला इतक्या पटकन काही कळताना मी कधी पाहिलं नाही. तो धावत कोठीत गेला आणि मानसिंगरावांच्या घरच्या तांदळाचं एक पोतं पाठीवर घेऊन आला. "माहेरचा तांदूळ!" असं ओरडत त्याने ते सीटांच्या मागे कोंबलं. बायकांना तो नवीनच पण चांगला रिवाज वाटला. एकीने पोत्याला हळदीकुंकू लावलं.

मी आणि झुल्फिकार मागच्या जीपमध्ये. लाल गाडी पुढे. आणि काय सांगू, गाडी चालली होती! आमची जीप वेताळासारखी नाचत होती आणि ती पुढे सायीवरून चालल्यासारखी. झुल्फिकार जीपच्या टपाला डोकं आपटून घेत होता आणि प्रत्येक आपटीला म्हणत होता, "नववं घर! नववंच घर!" खड्डे आम्ही मोजत होतो, ती गिळत होती. भाभी शेजारी बसल्याशिवाय ही गाडी नीट चालायची नाही, हे कुमारला त्याच दिवशी कळलं.

आत काय चाललं होतं ते मला पुढे शेफालीने सांगितलं. ती रडत होती, हात आखडले होते. आखडल्या हातातली बांगडी आधी जाते. म्हणून भाभींनी तिच्या नव्या सासूची, धोंडाबाईंची नक्कल सुरू केली. धोंडाबाई विहिणीला लुगडं कसं दाखवतात, जावेच्या भाकरीला नाक कसं मुरडतात, सगळं. शेफाली रडता रडता हसायला लागली. कुमारला आपल्या आईची अब्रू चाललेली ऐकू येत होती, पण एका हातात स्टिअरिंग आणि शेजारी भाभी, करतो काय? शेवटी तोच म्हणाला, "भाभी, आई शिंकते ती करा."

मार्गासनीच्या खाली मोरीपाशी शेळी आडवी आली. कुमारने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक मोरीच्या तुटक्या कडेत गेलं. खड्ड्याला कुठलं बटण नसतं. आम्ही मागून बघितलं, गाडी एकदा आदळली, तिरकी झाली, आणि सावरून निघाली. झुल्फिकारचा आवाज बंद झाला. तिथून उत्रोलीपर्यंत त्याची नजर पुढच्या गाडीवरून हलली नाही.

उत्रोलीत लाल गाडी दिसल्याबरोबर बँडवाल्यांनी गाल फुगवले. धोंडाबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या. शेफाली उतरली. सगळ्या बायकांच्या नजरा एकदम तिच्या हातांवर. तिने दोन्ही हात वर करून पदर सारखा केला आणि चुडा खळकन वाजला, भरला होता तसाच, सगळाच्या सगळा.

"पाठराखीण कुठाय? तिलाबी ओवाळायची," धोंडाबाई म्हणाल्या.

पाठराखीण गाडीतून उतरेना. झुल्फिकार पळत गेला, त्याच्यामागे मी. भाभी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या.

"उतर की."

"न्हाई उतरत. बाया बगतील."

त्याने पदर बाजूला केला. भाभींचे हात मोकळे होते. चाक आदळलं तेव्हा त्यांनी शेफालीची दोन्ही मनगटं तिच्या पोटाशी सारून आपले हात पुढे फळीला आणि दाराला लावले होते. भर मनगटाच्या बांगड्या, एक उरली नव्हती. उजव्या हातावर काच फिरली होती, रक्त सुकलं होतं. आमच्याकडे भरल्या घरच्या बाईचे हात असे एकाच प्रसंगी होतात. नवरीच्या दारात असे हात घेऊन कोण उतरेल?

झुल्फिकारचे डोळे गळायला लागले.

"तुमी हायसा न्हवं जित्तं?" भाभी दटावून म्हणाल्या. "मग रडताय कशाला? बोचकं उघडा. माझा उजवा हात चालत न्हाई, मला भरता यायच्या न्हाईत."

वर्षानुवर्षं ज्या बोचक्याला तो शिव्या देत आला, ते झुल्फिकारने पहिल्यांदा उघडलं. एक हिरवी बांगडी काढली. स्पॅनर धरणारी ती बोटं काचेला अशी काही भीत होती की मला हसू यावं. त्याने भाभींचा हात धरला, बांगडी अंगठ्यापर्यंत आली आणि कट् झाली.

"वाढली," तो पुटपुटला.

"हात जड हाय तुमचा," भाभी म्हणाल्या.

त्याने दुसरी घेतली. भाभींचा हात दुखरा, आखडलेला. बांगडी परत त्या हाडाशी अडली. झुल्फिकार थांबला. त्याने इकडेतिकडे बघितलं, खांदे पाडले, हनुवटी पुढे काढली आणि बाळाबाईंच्या खर्जातल्या आवाजात म्हणाला, "कासारणीचा हात जड झालाय गं बायांनो!"

भाभींना ते अपेक्षित नव्हतं. त्या इतक्या जोरात हसल्या की गाडी, टाका असून, हलली. आणि त्या हसण्यात बांगडी सुळकन मनगटात जाऊन बसली.

"आता दुसरी," भाभी डोळे पुसत म्हणाल्या.

दारात धोंडाबाई भाकरतुकडा घेऊन ताटकळल्या होत्या आणि बँडवाल्यांचा श्वास संपत आला होता. आम्ही त्यांना उभं राहू दिलं.